आणखी एक औषध, पण कोणासाठी?

गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले, की रुग्णाचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. गाठ पूर्ण निघेल ना? आणि पोटावर कायमची पिशवी तर लागणार नाही ना? ही भीती अनाठायी नाही. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद जागेत असतो. मूत्राशय, महत्त्वाच्या नसा आणि शौचावर ताबा ठेवणारे स्नायू त्याला खेटून असतात. म्हणून वाढलेल्या गाठीवर आधी रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी देतात, ती आक्रसली की शस्त्रक्रिया करतात.

या क्रमाला भक्कम आधार मिळाला तो २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीमुळे. शस्त्रक्रियेआधी हे उपचार घेतलेल्या गटात पाच वर्षांत ६ टक्के रुग्णांत कर्करोग त्याच भागात परतला, तर नंतर घेतलेल्या गटात १३ टक्के. मात्र रुग्ण किती जगले, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. आणखी काहीतरी हवे होते.

त्याच वर्षी अमेरिकेत सेटुक्सिमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही ‘टार्गेटेड’ औषधे आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाली. पहिले औषध कर्कपेशीला ‘वाढ’ असा संदेश देणारा रिसेप्टर अडवते, दुसरे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. रेडिएशनला यांची जोड दिली तर गाठ आणखी विरघळेल, असा सरळ तर्क होता. तोंड-घशाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत सेटुक्सिमॅब दिल्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे २००६ मध्ये दिसलेही होते.

गुदाशयात मात्र हे गणित जुळले नाही. नेहमीच्या उपचारांनंतर साधारण १५ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात एकही कर्कपेशी सापडत नाही. सेटुक्सिमॅब जोडूनही अनेक छोट्या चाचण्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच राहिले. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की केमोथेरपीचा मारा विभाजन करणाऱ्या पेशींवर अधिक बसतो आणि सेटुक्सिमॅब तर विभाजनच थांबवते. एकाने दार उघडावे आणि दुसऱ्याने लावून घ्यावे, तसा हा प्रकार. बेव्हासिझुमॅबची अडचण वेगळी होती. ते जखम भरून येण्यात अडथळा आणते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी ते थांबवावे लागते.

दरम्यान २००८ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. केआरएएस जनुकात बदल असलेल्या गाठींवर सेटुक्सिमॅबचा उपयोगच होत नाही आणि आतड्याच्या कर्करोगात असे रुग्ण सुमारे ४० टक्के असतात. प्रश्न औषधाइतकाच रुग्णाच्या निवडीचाही होता.

पुढची दोन यशे हेच सांगतात. फ्रान्समधील एका चाचणीत रेडिएशनच्या आधी जुन्याच केमोथेरपी औषधांचा सुमारे तीन महिन्यांचा कोर्स दिला. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण १२ वरून २८ टक्क्यांवर गेले. औषधे ओळखीची होती, बदलला तो त्यांचा क्रम. दुसरे यश न्यूयॉर्कचे. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या गाठींवर तिथे डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध सहा महिने एकटेच दिले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. त्यांना ना रेडिएशन लागले, ना शस्त्रक्रिया.

पण अशा गाठी गुदाशयाच्या कर्करोगात ५ ते १० टक्केच असतात. उरलेल्यांना केवळ हेच औषध दिले तर पैसा जातो आणि मौल्यवान वेळही. गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर विशेष रंगद्रव्याची चाचणी करून कळते. तिचा खर्च औषधाच्या तुलनेत नगण्य असतो.

म्हणून उपचार सुरू होण्याआधीच नातेवाईकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. ओटीपोटाचा एमआरआय झाला का? बायोप्सीवर दुरुस्ती-यंत्रणेची, म्हणजे एमएमआर चाचणी झाली का? आणि सुचवलेल्या जादा औषधाने नेमका कोणता फायदा अपेक्षित आहे : गाठ आक्रसण्याचा, स्नायू वाचण्याचा की आयुष्य वाढण्याचा? तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत घर गहाण ठेवून महागडे इंजेक्शन आणण्याची घाई करू नये.