मधला आडत्या हवा, पण त्याची वही उघडी हवी

कापडबाजारात आडत्याला नावे ठेवणे सोपे आहे. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि मधल्यामध्ये आडत खाणारा हा तिसरा कोण, असे आपण सगळेच बोलतो. परंतु इचलकरंजीचा यंत्रमागधारक आणि कोलकात्याचा घाऊक खरेदीदार यांची भाषा निराळी, हिशेबाची रीत निराळी आणि उधारीची मुदतही निराळी. मध्ये आडत्या नसेल तर सौदाच होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांच्या दुनियेतही असाच एक आडत्या असतो, हे आमच्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आज त्याच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण त्याच्या चुकीचा भुर्दंड अनेकदा कारागिराच्या खिशातून जातो.

प्रथम मूळ हकीकत. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम/३६० हे संगणक जाहीर केले. बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठी दुकाने यांचे हिशेब अशा अवाढव्य यंत्रांवर गेले. यांनाच मेनफ्रेम म्हणतात. १९७४ साली याच कंपनीने या यंत्रांनी दूरदूरच्या शाखांशी कसे बोलावे याचे नियम ठरविले. त्या नियमांना एसएनए असे नाव आहे. या व्यवस्थेत मेनफ्रेम म्हणजे पेढीवर बसलेला शेठ. शाखेतील पडदा व कळफलक यांना स्वतःची अक्कल नसे. पाळीपाळीने प्रत्येकाला विचारणा होई, 'तुझ्याकडे काही आहे काय?' आणि विचारल्यावरच ते बोलत. शेठची अक्षरे साठविण्याची पद्धतही स्वतंत्र, तिचे नाव एबसिडिक. पुढे टेबलावरचे लहान संगणक आले, ते आस्की नावाच्या दुसऱ्याच पद्धतीने अक्षरे साठवीत. म्हणजे शेठ एका लिपीत लिहिणारा आणि दुकानदार दुसऱ्या. त्यात प्रत्येक शाखेपासून शेठपर्यंत स्वतंत्र टेलिफोन लाइन घ्यावयाची तर भाडे न परवडणारे.

येथे मधल्या यंत्राची गरज निर्माण झाली. जून १९८८ मध्ये आयबीएमने एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक आणला. तो मेनफ्रेमपेक्षा लहान व स्वस्त आणि टेबलावरच्या संगणकापेक्षा पुष्कळ दणकट होता. कारखान्याचा साठा, पगार, बिले हे सर्व तो स्वतः सांभाळू शके, आणि शिवाय मेनफ्रेमची भाषाही त्याला येई. त्यामुळे अनेक कंपन्यांनी त्याला मध्ये बसविले. मेनफ्रेमला तो आपल्या ओळखीच्याच एखाद्या उपकरणासारखा दिसे, म्हणून तिकडील जुने प्रोग्रॅम बदलावे लागत नसत. खालच्या संगणकांशी तो त्यांच्या रीतीने बोले. दहा शाखांचे बोलणे एकाच लाइनवरून वर जाई. रात्री ऑर्डरींची यादी उतरवून घ्यावयाची, सकाळी खाली वाटावयाची. वरची लाइन तुटली तरी शाखेचे रोजचे काम चालू राही, आणि लाइन जुळताच थांबलेले कागद पुढे रवाना होत. आपल्या आडत्याचेही काम याहून वेगळे काय असते?

आता मतभेदाचा मुद्दा. नव्या पिढीतील पुष्कळ जण म्हणतात की जुने यंत्र फेकून द्यावे, मध्ये कशाला ठेवावा पाहुणा? आम्हांला हे पटत नाही. जुन्या मेनफ्रेममध्ये केवळ आकडे नसतात. तीस-चाळीस वर्षांत ठरत गेलेले व्याजाचे, सवलतीचे, परताव्याचे हजारो नियम त्यात लिहिलेले असतात, आणि लिहिणारे निवृत्त झालेले असतात. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा तेथील गव्हर्नरांना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे लोक हवेत असे जाहीर सांगावे लागले. यावरून काही जण म्हणतात, पाहा, जुने किती धोक्याचे! आम्ही म्हणतो, दोष यंत्रापेक्षा माणसांची हेळसांड करणाऱ्यांचा अधिक आहे. उस्ताद म्हातारा होईपर्यंत शागीर्द तयार केला नाही तर माग चांगला असूनही बंद पडतो. मधले यंत्र आपणास वेळ मिळवून देते. त्या वेळात नियम समजून घ्यावेत, कागदावर उतरवावेत, नवी माणसे तयार करावीत आणि मग एकेक काम सावकाश हलवावे. मात्र तो वेळ झोपेत घालविला तर मधले यंत्र हे गळक्या छपरावर टाकलेले ताडपत्री कापड ठरते.

परंतु आडत्याची बाजू घेताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही ती पैसे मोजून शिकलो आहोत. १९९६ साली आम्ही परदेशी खरेदीदारासाठी काम करणाऱ्या मुंबईच्या एका एजन्सीला कापड पुरवीत होतो. खरेदीदाराच्या ऑर्डरी एजन्सीच्या कार्यालयातील मधल्या संगणकात उतरत आणि तेथून छापील कागद आमच्या हाती येई. एकदा सहा हजार मीटर कापड मोरपंखी रंगात मागविले होते. नंतर खरेदीदाराने रंग बदलून गडद निळा केला. बदल रात्री आला, पण कागद काही आमच्याकडे आला नाही. माल रंगून तयार झाला आणि नाकारला गेला. खरेदीदार म्हणे, आम्ही कळविले होते. एजन्सी म्हणे, आम्हांला मिळालेच नाही. रंगाईवाला आपल्या पैशांसाठी आमच्या दारात उभा. तेथील एका भल्या कारकुनाने संगणकातील नोंदवही काढून दाखविली तेव्हा उलगडा झाला. बदल वेळेवर उतरला होता, पुढे पाठविण्याचे काम कोणी चालविलेच नव्हते. निम्मे नुकसान भरून मिळाले, निम्मे आम्ही सोसले. ती नोंद नसती तर सगळेच आमच्या माथी आले असते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. दहा दुकानांचा माल एका गोदामातून जात असेल तर त्या गोदामाला लागलेली आग दहाही दुकाने बसविते. ३१ जुलै २०२४ रोजी आपल्या देशात याचा अनुभव आला. छोट्या बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या एका मधल्या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाल्याचा संशय आला आणि एनपीसीआयने तिला देयक व्यवस्थेपासून वेगळे केले. बातम्यांत सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचा आकडा आला. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली, परंतु तोवर त्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. तेथे मेनफ्रेम आणि एएस/४०० यांची जोडी नव्हती, जागा मात्र तीच होती. बँक शाबूत, एनपीसीआय शाबूत, मधला दुवा बंद.

कोणी म्हणेल, आमच्या दोन मागांच्या धंद्याला याच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याच्या मुख्य संगणकाशी व्यापाऱ्याचे सॉफ्टवेअर जोडून देणाऱ्या मधल्या कंपन्यांना जीएसटी सुविधा पुरवठादार म्हणतात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर, बँकेचे पैसे, सरकारचा कर, या सर्वांत मध्ये कोणाचा ना कोणाचा संगणक बसलेला आहे. आपण तो पाहत नाही, एवढेच.

म्हणून आमचे बंधूंना सांगणे असे. मधल्यावाचून चालत नाही, तेव्हा त्याला शिव्या देऊ नयेत. त्याला चार प्रश्न विचारावेत. माझा कागद तुझ्याकडे कधी आला आणि पुढे कधी गेला, याची वेळेसह नोंद मला मिळेल काय? तू बंद पडलास तर दुसरा रस्ता कोणता? चूक तुझी झाली तर नुकसान कोण भरणार, हे लेखी देशील काय? आणि मी तुला सोडून गेलो तर माझा सारा हिशेब माझ्या हाती परत देशील काय? दोन्ही बाजूंच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात, त्याच्याकडे आपला व्यवहार ही अमानत असते. पिढ्यानपिढ्या आपण आडत्याची वही महिन्याला तपासत आलो. वही आता यंत्रात गेली म्हणून ती तपासण्याची सवय सोडण्याचे काही कारण नाही. या चार प्रश्नांची सरळ उत्तरे जो देत नाही, त्याची सेवा कितीही स्वस्त असली तरी तो सौदा महाग पडतो, हे आम्ही सहा हजार मीटर मोरपंखी कापडाच्या अनुभवावरून सांगत आहोत.