यादीत नसलेला कंद



माझ्या धाकट्या दिरांची मुलगी सहा महिन्यांसाठी स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात शिकायला गेली आहे. जूनमधल्या एका शनिवारी रात्री तिचा फोन आला. "मोठी आई, आज खूप फिरले गं, पण एक चूक झाली. आईला अजून सांगितलं नाही."

चुकीकडे नंतर येते. आधी तिचा दिवस सांगते, कारण तो खरंच छान होता. या शहराच्या मधून पूर्वी तुरिया नदी वाहायची. १९५७ च्या ऑक्टोबरात मोठा पूर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. मग नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रातून मोठा रस्ता न्यायचा बेत होता, पण लोकांनी हट्ट धरला की आम्हाला इथे हिरवळच हवी. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांब बाग आहे. वर जुने दगडी पूल तसेच, खाली पाण्याच्या जागी झाडं. एके ठिकाणी भलामोठा गलिव्हर आडवा पडलाय आणि मुलं त्याच्या अंगावरून घसरतात!

खाण्याचंही तिनं नीट सांभाळलं. सकाळी मोठ्या मंडईतून चेरी आणि जर्दाळू घेतले. दुपारी पाएया या तिथल्या प्रसिद्ध भाताच्या दुकानात गेली. मूळ पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांचाही मिळत होता, पण विचारल्यावर कळलं की तो शिजवलाय कोंबडीच्या पाण्यात. तिनं हात जोडले आणि बागेत बसून डब्यातल्या पोळ्या नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणाची घाई नव्हती.

पाच वाजता मैत्रिणींबरोबर ओर्चाता प्यायली. पांढरं, गार, गोड. तिला वाटलं बदामाचं दूध. सोबतच्या लांबट गोड पावात अंडं आहे का हे विचारून तो नाकारला, पण पेयाचं विचारलं नाही. अर्धा पेला संपल्यावर भिंतीवरचं चित्र दिसलं. चुफा नावाचा छोटा कंद, मातीतून उपटलेला. त्याचंच ते दूध.

घरी दोन मतं पडली. जाऊ म्हणाली, नकळत झालं, परदेशात एवढं चालायचंच. दीर म्हणाले, म्हणूनच मी पाठवायला नको म्हणत होतो. मला दोन्ही पटत नाही.

आपण मुलांना काय देतो? यादी. बटाटा नको, कांदा नको, लसूण, गाजर, मुळा नको. चुफा आपल्या कुणाच्याच यादीत नव्हता. यादी गावापुरती असते, कारण मात्र कुठेही उपयोगी पडतं. कंदमूळ अनंतकाय, एका देहात अनंत जीव, हे मनात पक्कं असेल तर मुलगी आपणहून विचारेल, हे वाढतं कुठे?

तिनं लगेच मला पकडलं. "मग शेंगदाणेही जमिनीखालीच की!" मी म्हटलं, शेंगेत बी असतं, तो कंद नव्हे. "हळद, सुंठ वाळवून चालते, चुफाही वाळवतात." यावर मला थोडं थांबावं लागलं. मग म्हटलं, सुंठ पेरलीस तर उगवेल का? चुफा मात्र कंदच लावून पुन्हा उगवतात. पोरगी गप्प झाली. हे प्रश्न मला फार आवडले. जी विचारते ती सोडत नाही.

प्रायश्चित्त तिनं स्वतःच ठरवलं, एक दिवस रसत्याग. मी एवढंच म्हटलं, "आईला आजच सांग." दशलक्षणात आपण उत्तम आर्जव म्हणतो, तो याच दिवसासाठी. अर्ध्या पेल्याचा दोष धुता येतो, पण एकदा लपवायची सवय लागली की मग घरी फक्त यादी पोहोचते, मुलगी पोहोचत नाही.

आणि आयांनो, तसा फोन आला तर आधी ऐकून घ्या. ओरडलात तर पुढचा फोन येणार नाही.