एक नियम बदलून खेळा

येत्या सुट्टीत मुलामुलींना बुद्धिबळाच्या शिबिराला घालणार असाल तर जरूर घाला. माझं सांगणं एवढंच आहे की त्याच सुट्टीत घरी पट मांडा, खेळाचा एकच नियम बदला आणि त्या नियमानं खेळून बघा. कोणता बदलायचा ते मुलांना ठरवू द्या.

"असे मनाचे नियम लावून कुणी खेळतं का?" असं घरातलं एखादं जाणतं माणूस म्हणेलच. खेळतात. आज आपण जे खेळतो तेही कुणीतरी बदललेलंच आहे. जुन्या खेळात वजीर तिरपं एकच घर सरकायचा आणि उंट तिरपी दोन घरांची उडी मारायचा, बस्स. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या दोघांना लांबचा पल्ला मिळाला आणि रेंगाळणाऱ्या डावाला एकदम धार आली. आपल्याकडचे पणजोबा तरी कुठे आजचा खेळ खेळत होते? देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता, शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं सरसकट वजीर होत नसे, ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा होई. मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला. युरोपी नियम तो नंतर शिकला आणि १९२९ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. दुसऱ्या नियमांवर वाढल्यानं त्याचं काही बिघडलं नाही.

मोठ्या खेळाडूंनाही हा मोह पडतो, आणि त्यांची कारणं आपल्या कामाची आहेत. सुरुवातीच्या खेळींच्या घोकंपट्टीला बॉबी फिशर इतका विटला की १९९६ च्या जूनमध्ये ब्युनॉस आयर्सला त्यानं नवा प्रकार जाहीर केला: मागच्या ओळीतले मोहरे चिठ्ठी टाकून मांडायचे. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरात हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा, एवढ्याच अटी. अशा मांडण्या ९६० होतात. त्या पाठ करायला कोण बसणार? २०१९ साली या प्रकाराच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत वेस्ली सो यानं मॅग्नस कार्लसनला हरवलं. त्याच वर्षी व्लादिमिर क्रामनिकनं त्याहून साधी सूचना केली: किल्लेकोट काढून टाका. एवढं एक काढलं की राजा मध्येच उघडा राहतो आणि आयुष्यभर पाठ केलेल्या सुरुवातींचा उपयोग जवळजवळ संपतो. घरी आरंभ करायला मला हाच बदल सगळ्यात पसंत आहे. सामान लागत नाही आणि नव्यानं समजावूनही फारसं सांगावं लागत नाही.

मुलं मात्र उत्साहात एका दमात सात नियम बदलतात. घोड्याला तीन उड्या, हत्तीला बंदूक, पटाच्या मधोमध तळं. असं होऊ लागलं की थांबवा. खुद्द जगज्जेत्या कापाब्लांकानं १९२० च्या दशकात पट ऐंशी घरांचा केला, दोन नवे मोहरे आणले, तरी तो खेळ घराघरात गेला नाही. नवा नियम सुचणं अवघड नाहीच. डेव्हिड प्रिचर्ड यांनी १९९४ साली काढलेल्या कोशात बुद्धिबळाचे चौदाशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले किती आज खेळले जातात, हा प्रश्न वेगळा.

चांगला नियम कोणता? ज्यातून न लिहिलेले नियम आपोआप उगवतात तो. ‘अॅटॉमिक’ नावाच्या प्रकारात कुठलाही मोहरा मारला की तिथे स्फोट होतो. मेलेला जातो, मारणारा जातो आणि भोवतालच्या आठ घरांतले सगळे मोहरे जातात; नुसती शेजारी उभी असलेली प्यादी तेवढी वाचतात. नियम एवढाच. आता बघा: राजाला कुणालाच मारता येत नाही, कारण तो स्वतःच उडेल. पांढऱ्यानं राजाच्या बाजूचा घोडा काढला आणि काळा बेसावध राहिला, तर तिसऱ्या खेळीला तो घोडा काळ्या राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं मारतो आणि राजा जागीच खलास. सगळ्यात गंमत शेवटी येते. हरत आलेला राजा पळून जाऊन शत्रूच्या राजालाच चिकटतो. त्याला मारावं तर मारणाऱ्याचा राजाही त्याच स्फोटात जाईल, म्हणून चिकटून आहे तोवर त्याला शह बसत नाही. हे कुणी नियमात लिहिलेलं नाही.

घरी करून बघण्याजोगा आणखी एक नियम सांगतो. माझा नाही, पूर्वीपासून खेळला जातो: मारणारा मोहरा मेलेल्याचं रूप घेतो. प्याद्यानं वजीर मारला तर प्याद्याचा वजीर. वजिरानं प्यादं मारलं तर वजिराचं प्यादं. चार खेळींतच कळतं की मोठ्या मोहऱ्यांनी प्याद्यांच्या वाटेला जाऊ नये. वजिरासमोर उघडं पडलेलं प्यादं खुशाल तसंच सोडा. ‘प्यादं वाचव’ ही क्लासमध्ये अंगवळणी पडलेली सवय इथे उपयोगी पडत नाही, आणि मुलाला प्रत्येक खेळीला स्वतः विचार करावा लागतो.

पण खेळायला बसण्याआधी वही काढा आणि प्रश्न विचारा. राजानं मारलं तर? (तो राजाच राहतो, नाहीतर डावच संपला.) प्याद्यानं शेवटच्या ओळीत हत्ती मारला तर तो हत्ती होणार की वजीर? आपल्याच दुसऱ्या ओळीत नव्यानं झालेलं प्यादं दोन घरं चालेल का? कोपऱ्यातल्या घरात घोड्याचा हत्ती झाला तर त्याच्याशी किल्लेकोट चालेल? उत्तर कोणतंही द्या, पण आधी द्या आणि लिहून ठेवा. आणि हो, प्याद्याचा घोडा झाला पण आपले दोन्ही घोडे अजून पटावरच असतील तर काय ठेवणार? शेजाऱ्यांकडून दुसरा संच मागून आणा.

पहिल्या काही डावांत जिंकण्याकडे फार लक्ष देऊ नका, नियमाची भोकं शोधा. प्रत्येक डावानंतर रंग बदला. पांढरा सारखा जिंकतोय असं दिसलं तर एखादी छोटी अट घाला, जसं की पांढऱ्याची पहिली खेळी प्याद्याचीच. भोक सापडलं म्हणून खेळ फुकट गेला असंही नाही. आपलेच मोहरे आधी संपवायचे त्या उलट्या बुद्धिबळात मार्क वॉटकिन्स यांनी २०१६ साली संगणकावर सिद्ध करून दाखवलं की राजापुढचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात केली तर पांढरा हमखास जिंकतो. तरी तो खेळ लोक आजही आवडीनं खेळतात, कारण ती सगळी वाट कुणाच्या डोक्यात मावत नाही.

वाद होतील. झाले की डाव जसा आहे तसा ठेवा, दोघांनी मिळून उत्तर ठरवा आणि वहीत तारीख घालून लिहा. ते उत्तर पुढच्या डावापासून लागू. चालू डावात वाद जिच्यावरून निघाला ती खेळी परत घ्यायची, आणि त्याऐवजी वाद नसलेली दुसरी करायची.