पाच मृत्यूंची एकच मोट



आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या मर्डॉ घराण्यावरचा लेख वाचला. साउथ कॅरोलायनातल्या या घराण्यावरच्या मालिका आपल्याकडेही लोकांनी रात्र रात्र जागून पाहिल्या आहेत, तेव्हा लेख आवडीने वाचला गेला असणार. पण 2015 ते 2021 या काळातल्या पाच मृत्यूंची एकच मोट बांधून ‘एका घराण्याचे पाच बळी’ असे छापणे गैर आहे. माझी हयात फौजदारी वकिलीत गेली, म्हणूनही हे जास्त खटकले असेल.

न्यायालयात खून म्हणून शाबीत झाले ते दोन. 7 जून 2021 च्या रात्री घराण्याच्या मोझेल इस्टेटीवर अ‍ॅलेक्स मर्डॉची पत्नी आणि धाकटा मुलगा गोळ्या लागून मेले. मार्च 2023 मध्ये ज्यूरीने अ‍ॅलेक्सला दोषी ठरवले आणि त्याला दोन जन्मठेपा झाल्या. 2019 मध्ये बोट आदळून 19 वर्षांची मुलगी गेली. तो दारूच्या नशेत बोट चालवण्याचा गुन्हा होता. आरोप याच धाकट्या मुलावर होता आणि खटला उभा राहण्याआधीच तो मारला गेला. 2018 मध्ये घरकाम करणारी बाई पायऱ्यांवरून पडून वारली. तिच्या बाबतीत सिद्ध झाले ते एवढेच, की विम्याचे 40 लाख डॉलरहून अधिक पैसे अ‍ॅलेक्सने तिच्या मुलांच्या तोंडातून काढून घेतले. हे काय थोडे नीच आहे? त्याला खुनाची फोडणी कशाला हवी?

उरला 2015 चा मृत्यू. 19 वर्षांचा एक तरुण रात्री रस्त्यावर मृत सापडला आणि वाहनाने उडवले, अशी नोंद झाली. रस्त्यावर ना काचेचा तुकडा, ना ब्रेकच्या खुणा. पायांतले बूटही जागच्या जागी. आपल्याकडे ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करून फाईल कशी बासनात जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे नाही. त्याची आई वर्षानुवर्षे हा अपघात नव्हे असे सांगत राहिली. पोलिसांनी 2021 मध्ये तपास पुन्हा हाती घेतला आणि हा खूनच समजून तपास चालू असल्याचे 2023 मध्ये सांगितले. पण त्या खुनाचा आरोप मर्डॉ कुटुंबातल्या कोणावरही ठेवलेला नाही. गावगप्पांनी मात्र अ‍ॅलेक्सच्या थोरल्या मुलाला केव्हाच फासावर चढवले. त्याने जाहीर इन्कार केला, पुढे मालिकावाल्यांवर बदनामीचा दावाही लावला. आपल्या लेखात त्याचे नाव आहे, इन्कार नाही.

अफवेचा उपयोग कोणाला होतो, हेही याच प्रकरणात दिसते. मोझेलवरच्या खुनांच्या रात्री पहिला पोलीस पोहोचला, तेव्हा अ‍ॅलेक्सने स्वतःहून बोटीच्या अपघाताचा विषय काढला आणि धाकट्या मुलाला धमक्या येत होत्या असे सांगितले. गावात ती कुजबुज आधीपासून होतीच, त्याला नवे काही रचावे लागले नाही. त्याला अडकवण्यात मोठा वाटा होता तो मुलाच्या फोनमधल्या छोट्या व्हिडिओचा. रात्री 8 वाजून 44 मिनिटांनी कुत्र्यांच्या खुराड्यांपाशी काढलेल्या त्या व्हिडिओत बापाचा आवाज होता. आणि बाप सांगत आला होता की मी तिथे नव्हतोच. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला हे खोटे कबूल करावे लागले.

लोकांनी बोलूच नये, असे मी म्हणत नाही. 1920 पासून 2006 पर्यंत, अ‍ॅलेक्सच्या आजोबा-पणजोबांपासून त्याच्या बापापर्यंत, त्या भागातल्या पाच परगण्यांच्या मुख्य सरकारी वकिलाची खुर्ची या एकाच घरात होती. तिथे हे पद निवडणुकीने मिळते. शिवाय घराण्याची वकिली पेढी तिथेच नुकसानभरपाईचे दावे लढवून गब्बर झालेली. कोणावर खटला भरायचा हे ठरवणाऱ्याच्या घरी मृत्यू झाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी संशय घेऊ नये, तर काय करावे? बोटीच्या अपघातानंतर अ‍ॅलेक्स इस्पितळात जखमी मुलांच्या खोल्यांतून फिरत होता, त्यांना गप्प बसायला सांगत होता, अशा साक्षी आहेत. घरकाम करणाऱ्या बाईच्या मृत्यूची खबर कॉरोनरला दिलीच नव्हती, शवविच्छेदनही झाले नव्हते. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि ते नोंद करणाऱ्यांना विचारले पाहिजेत. आपल्या लेखाने त्यांना एका ओळीत निकालात काढले आहे आणि थोरल्या मुलाच्या 2015 मधल्या त्या तरुणाशी असलेल्या शाळेतल्या दोस्तीवर दोन परिच्छेद खर्च केले आहेत.

आणि ही हवा न्यायालयाच्या आतही शिरते. खुनाच्या खटल्यातल्या न्यायालयाच्या क्लार्कने त्याच खटल्यावर पुस्तक काढले. ती ज्यूरीसमोर आरोपीविरुद्ध बोलली, असा आरोप झाला. जानेवारी 2024 मध्ये न्यायाधीश जीन टोल यांनी फेरखटला नाकारला खरा, पण क्लार्कला प्रसिद्धीचा मोह झाला होता हे त्यांनीही मानले. तिला पद सोडावे लागले आणि आरोपीच्या वकिलांना अपिलासाठी आयता मुद्दा मिळाला.

तेव्हा पुढच्या अंकात एवढे तरी छापा: 2015 च्या मृत्यूबाबत मर्डॉ कुटुंबातल्या कोणावरही आरोप नाही, आणि थोरल्या मुलाने त्यात हात असल्याचा इन्कार केला आहे. तेही पहिल्या पानावर, कारण लेखाची जाहिरात पहिल्या पानावर होती.

— एक निवृत्त वकील, सातारा