नवशिका नेमका कोण?

लेस्टरला माझ्या मामेभावाच्या बैठकीच्या खोलीत, चहाच्या पेल्याशेजारी आणि चष्म्याच्या घराला जवळजवळ टेकून, करंगळीहून थोडी जाड आणि वितीहून आखूड अशी काळ्या रंगाची एक धातूची नळी कायम पडलेली असे. ज्या गृहस्थाच्या सदऱ्याच्या खिशाला चाळीस वर्षांच्या सहवासाने सिगारेटच्या पाकिटाचा आकार आला होता, ज्याने मुंबईत असताना लोकलच्या दारात आणि विलायतेत गेल्यावर बर्फात उभे राहून, परंतु एकही दिवस नागा न करता, रोज वीस सिगारेटी ओढल्या, त्याच्या हाती ही नळी आल्यापासून पुन्हा पाकीट दिसले नाही, हे मी पंधरा दिवस त्याच्या घरी राहून पाहिले. तेव्हा कुतूहलापोटी ती नळी उचलून घेतली आणि तिची चौकशी आरंभली. त्या चौकशीतून बनलेले मत वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ती नळी म्हणजे ई-सिगारेट होती आणि ती त्याने विकत आणलेली नव्हती. धूम्रपान सोडवण्यासाठी तेथे जी सार्वजनिक सेवा चालते, तिने ती त्याला विनामूल्य दिली होती. दहा लाख धूम्रपींना सिगारेटच्या बदल्यात असे संच देण्याची तजवीज इंग्लंडच्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केली, आणि लेस्टरच्या सेवेने तर ई-सिगारेट हाती घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत न पाठवण्याचे धोरण २०१४ सालीच पत्करले होते. माझा भाऊ जन्मभर यंत्रांचे आराखडे काढीत आलेला. सबब त्याची स्वाभाविक इच्छा अशी की, उपकरण घ्यावयाचेच तर त्यावर आकडे दाखवणारा पडदा असावा, उष्णता कमीजास्त करण्याची सोय असावी, सुटे भाग खोलून पुन्हा जोडता यावेत. समुपदेशक बाईंनी ही फर्माईश शांतपणे ऐकून घेतली आणि एकच बटण असलेली ही बिनशोभेची नळी पुढे सरकवून, आपल्याला सिगारेट सोडावयाची आहे की नवा छंद लावून घ्यावयाचा आहे, असा प्रश्न त्याला केला. त्या प्रश्नातच या उपकरणाच्या परीक्षेची खरी कसोटी दडलेली आहे, असे मला वाटते.

ज्यांच्या बालपणी घरात कंदील होता त्यांना हे यंत्र समजावयास फारसा अवधी लागू नये. कंदिलाच्या टाकीत रॉकेल, तसा येथे लहानशा टाकीत द्राव. तेथे सुती वात, तशी येथे कापसाची. आणि ज्योतीच्या जागी त्या वातीला बिलगलेले बारीक तारेचे वेटोळे, ज्याला व्यवहारात कॉइल म्हणतात. बटण दाबले की बॅटरीतील विजेने कॉइल तापते, वातीने शोषलेल्या द्रावाची वाफ होते आणि ती ओढणाऱ्याच्या घशात उतरते. द्रावात प्रामुख्याने प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, चवीसाठी अर्क असतो आणि बहुधा निकोटिन असते. तंबाखूचे पान येथे नसते आणि काही जळतही नाही, म्हणून धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटचे दोन मोठे मारेकरी जवळजवळ गैरहजर राहतात. माणूस सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठी, मरतो मात्र डांबरामुळे, अशा आशयाचे प्रतिपादन लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये केले होते. या दोहोंची फारकत करणारे साधन बाजारात येण्याजोगे रूप घेऊ शकले ते त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाच्या खटपटीतून.

आता साधेपणाची किंमत काय, ते पाहू. चाळीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाचा हात सवयीने चालतो. काडी ओढणे, पेटवणे आणि झुरका घेणे यांत त्याला विचार करावा लागत नाही. त्या सवयीच्या जागी जे साधन बसवावयाचे ते विचार करावयास लावील, तर पहिल्या आठवड्यातच ते खणात जाईल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट परत येईल. म्हणून झुरका सिगारेटसारखाच आवळ असावा, म्हणजे वाफ आधी तोंडात आणि मग छातीत जावी. एकदा भारलेल्या बॅटरीवर दिवस निघावा. टाकी कोठवर भरावयाची ते बाहेरून दिसावे. आणि खिशात आडवी पडली तरी नळी गळू नये, कारण गळका द्राव बोटांना चिकटतो आणि निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरते. या चारही बाबतींत भावाची नळी मला उत्तीर्ण दिसली. ती दोनदा फरशीवर पडली आणि दोन्ही वेळा नुसती पोचली. तिचा एकमेव रुसवा कंदिलाच्या जातीचा होता. नवी कॉइल बसवल्यावर वात पुरती भिजेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे लागते. न थांबता बटण दाबले तर कापूस करपतो, घशात जळकट चव उतरते आणि कोरडी वात वाजवीहून अधिक तापल्याने फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. ही एक गोष्ट शिकवली नाही म्हणून कित्येकांनी उपकरणाला दोष देऊन पुन्हा सिगारेट पेटवली असेल, अशी माझी अटकळ आहे. कॉइल साधारणतः एक-दोन आठवड्यांनी बदलावी लागते आणि ती बदलण्याचे काम कंदिलाची काच पुसण्याहून अवघड नाही.

टिकाऊपणाचा विचार केवळ खर्चाच्या दृष्टीने करून भागत नाही. तिथल्या दुकानांतून अलीकडेपर्यंत जी रंगीबेरंगी, एकदाच वापरून फेकण्याची ई-सिगारेट विकली जाई, तिच्यातही पुन्हा भारता येण्याजोगी लिथियमची बॅटरी असे. परंतु ती भारण्याचे छिद्र बहुधा ठेवलेले नसे, आणि द्राव संपला की चालती बॅटरी कचऱ्यात जाई. या उधळपट्टीला आणि तिच्या स्वस्ताईने शाळकरी मुलांत पसरलेल्या व्यसनाला आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून अशा नगांच्या विक्रीवर बंदी आली. ज्याची बॅटरी भारता येते, टाकी भरता येते आणि कॉइल बदलता येते तेच साधन आता तेथे वैध आहे. द्रावात निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, हे निर्बंध तर २०१६ पासूनच अंमलात आहेत. बाटलीचे झाकण मुलांना उघडता येणार नाही असे असावे, हा दंडकही योग्यच आहे, कारण तेवढ्याशा बाटलीत लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतके निकोटिन असू शकते.

एका मामेभावाच्या अनुभवावरून राज्याची धोरणे ठरवू नयेत, हे मला मान्य आहे. तथापि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पीटर हाजेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८६ धूम्रपींवर केलेली चाचणी २०१९ च्या आरंभी प्रसिद्ध झाली, ती अशाच एका साध्या, पुन्हा भरता येणाऱ्या प्राथमिक संचावर बेतलेली होती. काहींना हा संच आणि दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेली द्रावाची एक बाटली दिली, काहींना त्यांच्या पसंतीची निकोटिनची पट्टी, च्युइंगगम किंवा तत्सम औषध दिले, आणि दोन्ही गटांना आठवड्यागणिक प्रत्यक्ष समुपदेशनही मिळाले. वर्षअखेर पहिल्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले, दुसऱ्यातील ९.९ टक्के. येथपर्यंतचा आकडा उपकरणाचे पुरस्कर्ते मोठ्या उत्साहाने सांगतात. त्याच चाचणीचा उत्तरार्ध मात्र सांगताना त्यांचा आवाज खाली येतो: यशस्वी ठरलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटात ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते, तर औषधाच्या गटात औषध चालू ठेवणारे केवळ ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही. माझ्या भावाची स्थितीही हीच आहे. अठरा मिलिग्रॅमवरून बारावर आणि बारावरून सहावर तो उतरला, परंतु नळी अजून चहाच्या पेल्याशेजारीच आहे.

सिगारेटपेक्षा ही वाफ पुष्कळ कमी अपायकारक आहे, असा निर्वाळा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दिला आणि तो देणारी संस्था १९६२ मध्ये धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर गाजलेला अहवाल काढणारी तीच संस्था होती, त्यामुळे त्याला वजन आहे. पण कमी अपाय म्हणजे निरपायता नव्हे. ज्याची फुप्फुसे धुराने काळवंडली आहेत त्याला जो सौदा किफायतीचा, तोच स्वच्छ फुप्फुसाच्या मुलाला निव्वळ तोट्याचा आहे. आणि येथेच, अशा साध्या संचांना विक्रेते लावतात त्या ‘नवशिक्यांसाठी’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाची झडती घेणे प्राप्त होते.

विक्रेता ज्याला नवशिका म्हणतो तो दोन प्रकारचा असू शकतो. एक माझ्या भावासारखा, व्यसनात मुरलेला पण या साधनाला नवखा. दुसरा पंधरा-सोळा वर्षांचा, साधनालाही नवखा आणि व्यसनालाही. साधेपणा दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो, हीच यातली मेख आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ या ई-सिगारेटने हे पुरते सिद्ध केले. बटण नाही, भरण्याची कटकट नाही, पेनड्राइव्हसारखे रूप, आणि निकोटिन क्षाररूपात, त्यामुळे जास्त मात्रेलाही घसा खवखवत नाही. पहिल्या झुरक्याला येणारा ठसका हा निसर्गाने दारावर बसवलेला रखवालदार होता. त्याला रजा दिल्यावर हायस्कुलातली मुले आत शिरली, यात नवल कसले? सबब माझा निवाडा असा की, साधे आणि टिकाऊ हे दोन गुण पुरेसे नाहीत, तिसरा गुण नीरसपणाचा हवा. लेस्टरची ती नळी काळी होती, तिच्यावर चित्र नव्हते, तिच्यात लुकलुकणारा दिवा नव्हता आणि ती दुकानदाराने नव्हे, समुपदेशकाने, वय आणि व्यसन यांची खातरजमा करून हाती दिली होती. शाळकरी मुलाला ती खिशात मिरवावीशी वाटली नसती.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि त्याच वर्षअखेर कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांना मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी त्यातली तरतूद आहे. म्हणून सुटीवर घरी येणाऱ्या विलायतेतल्या मुलांना आईबापांनी ती नळी तिकडेच ठेवून यावयास बजावलेले बरे. बंदी चुकली असे मी म्हणणार नाही, कारण समुपदेशकाशिवाय नुसते उपकरण बाजारात सोडले असते तर ते कोणत्या नवशिक्याकडे गेले असते, हे उघड आहे. मात्र बंदीमागून चोरटा व्यापारही आला, आणि चोरट्या द्रावात काय असू शकते याचा धडा अमेरिकेने घेतला आहे. तेथे २०१९ मध्ये फुप्फुसांच्या विकाराची साथच उसळली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसे दगावली. त्यातला मुख्य संशयित गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रावात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हा पदार्थ होता.

शिवाय आपला तंबाखू बहुतांशी धुरात नाहीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के आढळले, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २१.४ टक्के. तळहातावर चुना मळणाऱ्या शेतमजुराला, पहाटे मशेरी लावणाऱ्या मावशीला आणि २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असूनही गुटख्याची पुडी फाडणाऱ्या पोराला विलायतेतील कोणतीही नळी, कितीही साधी आणि टिकाऊ असली तरी, उपयोगाची नाही. त्या नळीवरून आपण उचलावे असे काही असेल तर ते उपकरण नव्हे, तिच्यामागची बाई उचलावी, जी दर आठवड्याला ठरल्या वेळी बसते, उपदेश न करता विचारपूस करते आणि घसरलेल्याला पुन्हा यावयास सांगते. ज्या जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीचे दालन आहे तेथे ते आठवड्याचे सर्व दिवस उघडे राहील, एवढा बंदोबस्त जरी शासनाने केला तरी बंदीच्या कायद्याला अर्थ येईल.

तोवर एक सोय हाताशी आहे आणि तिला ना बॅटरी लागते ना कॉइल. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने चालवलेल्या विनामूल्य दूरध्वनीचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. तो आपल्या घरातील ज्या माणसाला हवा आहे, त्याला आजच लिहून द्यावा.