मावळ्याचा जयजयकार आणि मावळाचा विसर

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुण्याच्या पेठापेठांतून मावळे अवतरतात. शाळांच्या स्नेहसंमेलनांतही मावळ्याचा पोशाख हमखास असतो. परंतु मावळ्याला ज्या भूमीने नाव दिले, तिच्या नद्या कोणत्या, तेथे काय पिकते आणि आज त्या भूमीचे काय झाले आहे, असे मिरवणुकीतील तरुणांना विचारले तर किती जण उत्तर देऊ शकतील? मावळ्याचा जयजयकार करावयाचा आणि मावळ मात्र गिळंकृत होऊ द्यावयाचे, ही पुण्याची गेल्या शंभर वर्षांची रीत होऊन बसली आहे.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांची खोरी म्हणजे मावळ. पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी. एकेक नदी, एकेक खोरे आणि त्या खोऱ्याचा एकेक देशमुख. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर कित्येक वर्षी तो ६,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. खाली खाचरांतून आंबेमोहोर भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. जमीन थोडी, वाट अवघड, माणूस काटक. छत्रपती शिवरायांनी स्वराज्याची पहिली फौज उभी केली ती याच खोऱ्यांतून. तो मावळा पगारी शिपाई नव्हता. पावसाळ्यात नांगर धरणारा शेतकरी होता. भूमीशी असलेले नाते हेच त्याच्या निष्ठेचे मूळ होते.

हे नाते तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्रजी राजवटीत झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना टाटा कंपनीने आखली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून घाटाखाली कोकणात भिरा येथे सोडावयाचे, असा तो बेत होता. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे हत्यार कंपनीच्या हाती दिले. सुमारे पन्नास गावांवर पाणी फिरणार होते. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या शुभमुहूर्तावर, मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. लंडनमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचे सहकारी असलेले पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी नेतृत्व केले. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' केले आणि याच लढ्यापायी १९२४ नंतर त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली. स्त्रियाही तुरुंगात गेल्या.

तरी लढा हरला. का हरला, हे पुण्याने मोकळेपणाने ऐकले पाहिजे. मुळशी पेट्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती. मावळ्याला भूमी हवी होती, सावकाराला भूमीचा दाम. मोबदल्याची बोलणी सुरू झाली आणि एकजूट फुटली. प्रा. राजेंद्र व्होरा यांच्या संशोधनाने ही कहाणी उजेडात आणली आहे. परकीय सत्ता आणि भांडवल यांच्या जोडीला स्वकीयांचा स्वार्थ उभा राहिला, की हिंदू समाजाची काय गत होते, याचा हा वस्तुपाठ आहे. १९२७ मध्ये भिरा येथे वीज निघू लागली. मावळ्याच्या गावावरून पाणी गेले आणि दिवे दुसऱ्याच्या घरात लागले.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र पालटले काय? भूसंपादनाचा तोच इंग्रजी कायदा स्वतंत्र भारताने २०१३ पर्यंत जपला. पुण्याची तहान भागवण्यासाठी मावळाची आणखी खोरी पाण्याखाली गेली. १९६१ च्या पानशेत प्रलयाची आठवण पुणेकर पिढ्यानपिढ्या सांगतात. पण त्याच धरणासाठी ज्यांची शेते गेली, त्यांची आठवण कोण काढतो? पानशेतच्या जलाशयाला 'तानाजीसागर' आणि वरसगावच्या जलाशयाला 'वीर बाजी पासलकर' हे नाव दिले गेले. बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख. त्यांचे खोरे बुडवावयाचे आणि त्यावर त्यांचेच नाव कोरावयाचे, हा गौरव की उपहास?

पाण्यामागोमाग पैसा आला. याच वरसगाव जलाशयाच्या काठी 'लवासा' हे युरोपीय धर्तीचे शहर उभारण्यात आले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. स्वराज्याच्या पाळण्यात इटलीची नक्कल उभारण्याची बुद्धी ज्यांना झाली, त्यांच्या मानसिक गुलामगिरीला काय म्हणावे? हिंजवडीचे संगणक उद्यानही मुळशी तालुक्यातलेच. तेथे लक्षावधी रुपयांचे वेतन घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

येथे तथाकथित पुरोगाम्यांचाही समाचार घेतला पाहिजे. विस्थापितांचा कैवार जणू विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य विचारांतून आपल्याकडे आला, अशा थाटात ते बोलतात. रामनवमीला उभा राहिलेला मावळ्यांचा सत्याग्रह त्यांच्या चौकटीत बसत नाही, म्हणून तो तळटिपेत जातो.

शहराला पाणी नको काय, वीज नको काय, असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य हवी. प्रश्न धरणाचा नाही, ऋणाचा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या संस्कृतीत, ज्याच्या भूमीवर आपण जगतो त्याचे ऋण नाकारणे हा अधर्म आहे. हे ऋण भाषणांनी फिटणार नाही. पुण्यातील प्रत्येक शाळेत मुळशी सत्याग्रह शिकवला गेला पाहिजे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा हिशेब सरकारला मागितला पाहिजे. 'सेकंड होम'साठी डोंगरउतार खरेदी करण्याचा मोह सुशिक्षित कुटुंबांनी आवरला पाहिजे. त्याऐवजी मावळच्या शेतकऱ्याचा तांदूळ थेट त्याच्या दारातून विकत घेतला, तर त्याचे खाचर त्याच्याकडे राहील. कार्यकर्त्यांनी गड चढताना गडाखालच्या वाडीतही थांबावे, तेथील कातकरी आणि धनगर बांधवांच्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी करावी.

मावळ्याने स्वराज्याकडे वतन मागितले नव्हते, आपले खोरे राखण्याचा अधिकार मागितला होता. तो अधिकार त्याला परत मिळेपर्यंत पुण्याला शिवरायांचे नाव घेण्याचा पुरता अधिकार नाही.