पाहुणे आले की…

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या मंडळींसाठी वाई म्हणजे पसरणी घाटाआधीचा चहा. घरी उतरलेल्या पाहुण्याला मात्र आम्ही एवढ्यावर सुटू देत नाही. आधी ढोल्या गणपती. दर्शन झालं, की त्याला देवळाच्या मागे न्यायचं. तिथली भिंत माशाच्या आकाराची, टोक काढलेली. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, त्याला अडीचशे वर्षं उलटून गेली. गवंड्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला चुटपुट लागते.

मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, ‘स्वदेस’मधला घाट पाहुणा आपणहून ओळखतो. आम्ही त्याला घाटावरच्या घंटेखाली उभं करतो: १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ही पोर्तुगीज घंटा. विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच, पण तिथे पोरं कंटाळतात. नदीतला कचरा दाखवावा लागत नाही, दिसतोच.

हा अंक अशाच गावांचा. तुमच्या गावी आलेल्या पाहुण्याला तुम्ही आधी कुठे नेता? जरूर कळवा. हॉटेलांची नावं तेवढी नकोत.